थांबायचं बटण

ज्या कुणी ते यंत्र बनवलं, त्याला एकदा आमच्या वैशाखरे गावातल्या लग्नाच्या मांडवात आणून उभं करायला हवं होतं. माझ्या बहिणीसमोर.

मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ मी वीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त करतोय. टेपची बटणं आंधळ्यालाही कळतात. चालूचं दाबलं की खाली बसतं, बंदचं दाबलं की ते टण्णकन वर येतं. रेकॉर्डिंग करायचं तर दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे चुकून कुणाचं गाणं पुसलं जाऊ नये. एवढी अक्कल कुणीतरी लढवली होती. मग ती गेली कुठे?

माझी थोरली बहीण बाईजा हळदीची गाणी म्हणायची. त्र्याण्णव साली मी ती कॅसेटवर घेतली. दोन हजार चारमध्ये तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, उरली नुसती हवा. दोन वर्षांनी तिच्या हर्षालीचं लग्न ठरलं. आईच्या गाण्याशिवाय हळद लावून घेणार नाही, असं पोरगी हटून बसली.

कॅसेट लावायला बाईजा कुजबुजतच, एका अटीवर कबूल झाली. "क्रम चुकायचा नाय, चंदर. आधी गावदेवीला आवतण, मग मांडव, मग हळद. पाठवणी दुसऱ्या दिवशी, पोरगी निघताना. ती झाली का त्या घरातला माझा गाणा संपला."

मी शब्द दिला. कॅसेटमध्ये क्रम चुकेल कसा? फीत या टोकाची त्या टोकाला जाते, मध्येच उडी मारत नाही.

हर्षालीचा भाऊ साईनाथ कल्याणला नोकरीला. त्याने सगळी गाणी काडेपेटीएवढ्या यंत्रात भरून आणली. "मामा, आता कॅसेट कोण लावतो? टाइम बदलला." मी दोनदा ऐकून पाहिलं, क्रम बरोबर होता. म्हणून कॅसेटी मुरबाडलाच ठेवल्या. हा गाढवपणा माझा.

हळदीच्या दुपारी बायका जमल्या, हर्षाली पाटावर बसली. साईनाथने यंत्र स्पीकरला जोडलं, काहीतरी दाबलं, आणि बाईजाचा तेरा वर्षांपूर्वीचा आवाज मांडवात घुमला. पाठवणी.

हळदीला अजून कुणी बोटही लावलं नव्हतं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या, हर्षाली रडायला लागली. मी यंत्र हिसकावून बंद करायला गेलो, तर बटण एकच. दाबलं, आवाज वाढला. जोरात दाबलं, पाठवणी पहिल्यापासून सुरू. काचेवर एकमेकांत गुंतलेले दोन बाण.

"ते शफल, मामा," साईनाथ म्हणाला. "चुकून दाबला गेला. त्यात गाणी कशीपण लागतात."

"कशीपण? कशाला?"

"लोकांना आवडता तसा."

कुठल्या लोकांना? ज्यांच्या घरी पहिलं-शेवटचं काही उरलेलं नाही, त्यांना आवडत असेल. मी वायर उपटली.

मुरबाडहून कॅसेट आणेपर्यंत मुहूर्त टळला असता. बायकांना गाणी अर्धीमुर्धी येत होती, कारण पहिली ओळ कायम बाईजाचीच, बाकीच्या मागून ओढायच्या. बाईजा उठून माझ्याकडे आली. आता शिव्या खाव्या लागणार, असं मी धरून चाललो.

"तुला सगळा पाठ हाय," ती कुजबुजली.

खरं होतं. ती फीत मी इतक्यांदा जोडली होती, की बाईजा कुठे खोकते तेही मला ठाऊक होतं.

"बाय, पुरुषमाणूस हळदीत गातो काय?"

"गाऊ नको. नुसता वाज."

ती माझ्यासमोर बसली आणि तिने एक बोट वर केलं. मी फाटक्या आवाजात गावदेवीची ओळ दिली, बायकांनी ती उचलली. तळहात दाखवला, मी थांबलो. तिसऱ्या गाण्यात कॅसेटवर ती जिथे खोकते, तिथे मीही सवयीने खोकलो, आणि हळदीने माखलेली हर्षाली हसली. बोट वर, चालू. तळहात, बंद. एवढं साधं त्या कंपनीतल्या एकाही शहाण्याला सुचू नये, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी नवरीची जीप निघायला उभी राहिली. पाठवणीसाठी मी घसा साफ करून बाईजाच्या बोटाकडे पाहत राहिलो. पाठवणी झाली का गाणा संपला, हे तिचंच बोलणं. तिने तळहात वर केला. जीप वळणावर दिसेनाशी झाली तरी तो खाली आला नाही.