देवाचा बाण

मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि समोरच्याला अडाणी ठरवायची एकही संधी सोडत नाही. हे आधीच सांगून टाकतो.

पंचाहत्तर साली आपला उपग्रह रशियाच्या रॉकेटवरून वर गेला. त्याच वर्षी दिवाळीनंतर शुक्रवार पेठेतला शोभेचं दारूकाम करणारा कल्लप्पा बायकोला, काशम्माला घेऊन माझ्या घरी आला. संक्रांतीच्या जत्रेत देवापुढं पहिला बाण उडवायचा मान त्याच्या घराण्याचा.

“सर, एवढं वजन वर जातंय कसं म्हंतो मी?”

“तुझा बाण जातो तसंच. आतला जळता वायू जोरानं खाली सुटतो आणि नळीला वर रेटतो. जेवढ्या वेगानं सुटेल तेवढा रेटा जास्त.”

“मग आमचा अजून वर जायाला काय करावं?”

बाणाच्या तळाला मातीचं बूच असतं, त्याला करंगळीएवढं भोक. तीन पिढ्या तेच माप. “भोक निम्मं कर,” मी म्हणालो. “तुझ्या आज्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.”

भोक लहान केलं की आतला दाब वाढतो, मग कागदाची नळी टिकत नाही, हे पुढचं वाक्य. मला पाठ होतं, पण बोलायचं राहिलं. तेवढ्यात चहा आला आणि मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो बशीत ओतला.

दाराशी बसलेली काशम्मा म्हणाली, “आदी एक उडवून बगा की.”

कल्लप्पा खेकसला, “देवाचा बाण उष्टा करतीस व्हय? निवद कुनी आदी चाखून बगतंय का?”

मीही हसलो. “काशम्मा, विज्ञानाला चाखून बघावं लागत नाही.” वर्गात हेच एखादा पोरगा बोलला असता, तर मी त्याला बाकावर उभा केला असता.

जत्रेत, दिवेलागणीला, कल्लप्पानं बाण उभा केला. हात जोडले, वात पेटवली आणि दोन पावलं मागं सरला. बाण जागचा हलला नाही. नळीच फुटली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तो वारला.

पंधरा दिवसांनी काशम्मा आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. हिनं देवाचा बाण उष्टा करायला सांगितला म्हणून देव कोपला, असं भावकीत ठरलं होतं. सासू तिला चुलीपाशी येऊ देत नव्हती.

“सर, तुमी शिकल्याले. माज्या बोलन्यानं झालं का?”

“नाही.”

“मग कशानं?”

सांगायला ते एक वाक्य पुरलं असतं. मला भीती वाटली. लोक मारतील याची नाही, मी अडाणी ठरेन याची.

“देवाची मर्जी, काशम्मा,” मी म्हणालो.

तिनं हळूच मान हलवली. “म्हंजे देवच कोपला. माज्याच तोंडानं की.”

पदर सावरून ती उठली आणि गल्लीतून खाली मान घालून निघाली. मी दारात उभा होतो. हाक मारली नाही.