माफीची चटई

मी चटई असले तरी माझ्यावर आजवर कोणी बसलेले नाही, मित्रांनो. सामोआत माझ्यासारखी चटई बसण्यासाठी नसते. ती लग्नात देतात, मयतीला देतात आणि एका तिसऱ्या कामालाही वापरतात. मी आता जुनी झाले आहे. ते तिसरे काम माझ्या वाट्याला कसे आले, ते सांगते.

केवड्याची पाने उकळून, वाळवून, त्यांचे दोऱ्यासारखे पट्टे काढून तालोसागा नावाच्या बाईने मला विणले. तीन वर्षे लागली. काठाला तिने लाल पिसे लावली. बायका चिडवायच्या, "अगं, ही चटई पुरी होईतो नवरीची नातवंडं चालायला लागतील!" १९१८ साली एका जहाजातून तापाची साथ उतरली. कारभार करणाऱ्या गोऱ्या सरकारने जहाज अडवले नाही. पाचांत एक माणूस गेला. तालोसागाही गेली. मयतांना चटया द्यायला कोणी उरले नव्हते. तिची मुलगी वाइओला हिने मला गुंडाळून आढ्यावर ठेवले.

वाइओला मोठी झाली. तिचा नवरा आपेलू स्वराज्याच्या मोर्चात होता. १९२९ च्या डिसेंबरात आपिया शहराच्या रस्त्यावर पोलिसांची गोळी लागून तो पडला.

आमच्याकडे कोणाच्या हातून दुसऱ्या घरचे माणूस मेले, तर मारणाऱ्याचे कुळ त्याच दिवशी त्या घरी जाते. अंगणात गुडघे टेकून अंगावर चटई घेते. घरच्यांनी चटई उचलली की माफी झाली. त्यांनी कोयते काढले, तरी चटईखालच्यांनी हलायचे नसते.

वाइओलाने अंगण झाडून ठेवले. कोणी आले नाही. तरी ती रोज झाडत राहिली.

पुढे मोठे युद्ध झाले. कारभार त्याच सरकारकडे राहिला, पण त्यावर संयुक्त राष्ट्रांची देखरेख आली. त्यांची माणसे येत, विचारत, लिहून नेत. १९६१ च्या मे महिन्यात अखेर सगळ्यांना कागदावर विचारले, स्वतंत्र व्हायचे का? बायकांनाही विचारले.

त्या सकाळी वाइओलाने चर्चचा पांढरा झगा घातला. तिचा थोरला भाऊ सोलोमोना कुळाचा प्रमुख होता. तो म्हणाला, "मत द्यायला निघालीस की नवरा बघायला?"

"तुझं तोंड बघून कोण येणार आहे, दादा!" ती हसली. मग म्हणाली, "हेच तेव्हा विचारलं असतं, तर माझा माणूस घरी आला असता. ते काही नाही, आज त्याचंही उत्तर मीच देणार."

तिचा मुलगा फिलिपो गावोगावच्या मतदारांना ट्रकमधून नेत होता. तिला न्यायला येताना शेजारच्या गावाजवळ एक मुलगी आडवी आली. सात वर्षांची लिसी. जागीच गेली.

फिलिपो धावत घरी आला. "पोरगी ट्रकखाली आली," एवढेच तो म्हणाला. सोलोमोनाने मला आढ्यावरून काढले.

"वाइओला, तू आधी मत देऊन ये," तो म्हणाला. "चार वाजता बंद होईल. मी याला घेऊन जातो."

"मी येते."

"अगं, पुन्हा कोणी विचारणार नाही!"

"त्यांच्या अंगणात लेकरू पडलंय, दादा. मला माहीत आहे, अशा अंगणात वाट बघत बसून कसं वाटतं."

तिघे जळणाची लाकडे आणि चुलीचे दगड घेऊन गेले. आम्हाला भाजलेत तरी आमची तक्रार नाही, असा त्याचा अर्थ. लिसीच्या दारात तिघे टेकले आणि मी त्यांच्यावर पडले. ऊन चढले. आतून रडणे येत होते. एक दगड माझ्यावर आदळला.

"गुडघे गेले गं," सोलोमोना कुजबुजला.

"गप बस. पोरगी गेलीय त्यांची, आणि तुला गुडघ्यांचं पडलंय."

लिसीचा आजोबा ओफिसा कोयता घेऊन बाहेर आला. माझ्यापाशी उभा राहिला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. दूर शाळेत मतदान संपल्याची घंटा झाली. मग कोयता जमिनीवर पडला आणि त्याने मला उचलले.

"उठा," तो म्हणाला. "माझी नात काही परत येत नाही. पण दुसऱ्या कोणाचं लेकरू मारून मला कुठं झोप लागणार आहे?"

वाइओलाने त्याचे पाय धरले. त्याने धरू दिले, पण तिच्याकडे पाहिले नाही.

मला लिसीवर पांघरले. पुरताना ओफिसाने काढून घेतले. तेव्हापासून मी त्याच्या घरी आहे. जानेवारीत स्वतंत्र देशाचा ध्वज चढला. त्यासाठी मत देणाऱ्यांत या दोन्ही घरांतले कोणी नव्हते. पुढे निवडणुका आल्या, पण त्यांत मत फक्त कुळप्रमुखांना. वाइओलाला कोणी पुन्हा विचारले नाही. चार वर्षांनी ती वारली. तिच्या दारात शेवटपर्यंत कोणी गुडघे टेकले नाहीत.

मित्रांनो, माझी पिसे झडली, कसर लागली. मला जपा असे मी म्हणत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कदाचित राज्यही कराल. तुमच्या हातून कोणाचे घर बुडाले, तर त्याच दिवशी त्या दारात जा. चटई शंभर वर्षे टिकते, वाट बघणारे माणूस टिकत नाही.