संकष्टीची बोट

मेलबर्नजवळ जिलाँगच्या धक्क्यावर केळी टाकून द्यावी लागली. टास्मानियात बाहेरचं फळ चालत नाही, म्हणून तपासणीवालीने अख्खी फणीच कचऱ्यात घालायला लावली. त्या गडबडीत गाड्यांची रांग हलली, गाडी बोटीच्या पोटात शिरली आणि साबुदाण्याच्या खिचडीचा डबा डिकीतच राहिला. बोट सुटली की गाड्यांचा मजला बंद. तो उघडणार थेट टास्मानियात, डेव्हनपोर्टला, संध्याकाळी.

संकष्टी होती. मयूराचे सासरे दीनानाथ बोटीवरचं काही तोंडात घालायला तयार नव्हते.

"कुठल्या तव्यावर काय भाजत असतील, देव जाणे. एक दिवस नाही खाल्लं तर मरत नाही मी."

दोन तासांनी समुद्र खवळला. दीनानाथ खुर्चीत डोळे मिटून पडले होते. कपाळ ओलं.

"बोट लागलीय," सासूबाई, शोभाताई म्हणाल्या. "एस्टीतसुद्धा यांचं असंच होतं. पडू दे जरा."

मयूराने हात धरून पाहिला. थंड, चिकट, आणि बोटं थरथरत होती. बोट लागली तरी असा घाम येतो, रक्तातली साखर उतरली तरी येतो. मेलबर्नच्या लॅबमध्ये ती रोज इतरांचं रक्त तपासायची. इथे मात्र साखर मोजायचं यंत्र खाली गाडीत होतं.

"बाबा, आज इन्सुलिन घेतलंत का?"

"खायचंच नाही तर घेऊ कशाला?" मग ते वैतागले. "चित्रलेखा, जा गं तू. झोपू दे मला."

चित्रलेखा मयूराची नणंद. ती पुण्यात होती.

साखर उगाच दिली, तर थोडा वेळ चढेल. द्यायची राहिली, तर या माणसाची शुद्ध हरपेल. मयूराने याहून जास्त विचार केला नाही.

"यतिन, पळ! फर्स्ट एडवाल्यांना घेऊन ये," असं नवऱ्याला सांगून ती कॉफीच्या काउंटरकडे धावली. साखरेच्या मूठभर पुड्या फोडून पाण्यात ढवळल्या. दीनानाथांनी दात घट्ट आवळले आणि हात झटकला. अर्धं पाणी सांडलं.

"बाबा, साखर आहे. उपासाला चालते."

"नको म्हटलं ना!"

"अहो, प्या!" शोभाताई ओरडल्या, तशी आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. दीनानाथ घोट घोट प्यायले.

यतिन एका मुलीला घेऊन आला. तिने दीनानाथांचं बोट टोचून साखर मोजली. अजून बरीच खाली होती. आणखी एक ग्लास दिला. मयूरा घड्याळाकडे बघत राहिली. पाच मिनिटं. दहा. पंधराव्या मिनिटाला दीनानाथांनी डोळे उघडले.

"मयूरा, शर्ट कसा भिजला गं माझा?"

तिने रिकामा ग्लास बाजूला ठेवला. "बाबा, खरं सांगा. इन्सुलिन घेतलं होतंत ना?"

"रांगेत असतानाच टोचून घेतलं होतं. डबा लगेच हातात येईल असं वाटलं." ते खाली बघत होते. "सांगितलं असतं, तर पाव खायला लावला असतास."

"लावला असता. आताही लावणारच आहे. इन्सुलिन अजून अंगात आहे, साखरपाणी पुरणार नाही."

यतिन टोस्ट घेऊन आला. दीनानाथ बायकोकडे बघत राहिले.

"गणपतीला काय सांगायचं ते मी सांगेन," शोभाताई टोस्टचा तुकडा मोडत म्हणाल्या. "आ करा."

त्यांनी तोंड उघडलं. मयूराने दुसरा टोस्ट पुढे सरकवला.