पुल्लर्ट नावाचं वासरू

लाखांदूरपलीकडच्या त्या गावात समुद्र पाहिलाच असेल कुणी, तर तो टीव्हीत. तरी तिथल्या श्यामरावांच्या गोठ्यात डाव्या बैलाचं नाव होतं बाबोर आणि उजव्याचं स्टीरबोर. गावकऱ्यांनी चार दिवस डोकं खाजवलं आणि इंग्रजी नावं असतील म्हणून विषय सोडून दिला. नावं नॉर्वेची होती.

ही करणी राखीची, श्यामरावांच्या थोरलीची. तिचा धाकटा भाऊ अमर मुंबईला खलाशाचं प्रशिक्षण घेऊन आला होता आणि नॉर्वेच्या एका जहाज कंपनीनं त्याला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होणार होती. कंपनीच्या जहाजांवरचे जुने अधिकारी घाईच्या वेळी इंग्रजी विसरून आपल्या भाषेत ओरडत, म्हणून डेकवरच्या पोराला जहाजाचे शब्द दोन्ही भाषांत यायला हवेत, अशी अट होती. आणि अमरचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद. सकाळी घोकलेलं संध्याकाळी सपाट.

राखी हुशार. पण ती बारावी झाली आणि आई जनाबाईची कंबर धरली, तेव्हापासून कॉलेजचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं. भावाची ही तऱ्हा पाहून तिनंच शब्द हाती घेतले. पोर्ट म्हणजे जहाजाची डावी बाजू, नॉर्वेत बाबोर. तुम्ही तोंड कुठंही करा, ती बाजू बदलत नाही. "जुवाचा डावा बैल डावाच ना गा? तू त्याच्यासमोर जाऊन उभा रायला म्हणून उजवा होते का?" एवढं म्हणून तिनं बैलांची बारशी उरकली.

रोवणा सुरू झाला तशी शिकवणी धानाच्या बांधीत गेली. धान रोवताना बाया चिखलात मागं मागं सरकतात. राखी वाकल्या वाकल्या ओरडायची, "मी आता कुकडं चालली?" धुऱ्याच्या बांधावरून अमर म्हणायचा, "अस्टर्न!" "नॉर्वेत?" "आक्तरओव्हर!" बाकीच्या बाया हसून लोटपोट.

एकच शब्द अमरच्या डोक्यात ठरेना. बोलार्ड. जहाजाचा दोर ज्याला बांधतात तो धक्क्यावरचा लोखंडी खुंट. नॉर्वेत पुल्लर्ट. शेवटी राखीनं वासराचं नाव पुल्लर्ट ठेवलं, कारण दावं कितीही ओढलं तरी ते जागचं हलत नसे. ओढून थकलं माणूस, की ते जीभ वर काढून स्वतःचं नाक चाटत बसायचं.

मुलाखतीच्या दिवशी खोलीत दुसरं कुणी नको, अशी कंपनीची सूचना होती. राखी म्हणाली, "मी कोपऱ्यात बसतो. हू का चू करत नाई." अमरलाही तेच हवं होतं. ती कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, त्याच्या समोर, भिंतीला टेकून बसली. बांधीतून तशीच आली होती. पायावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता.

पडद्यावरचा कॅप्टन तांबड्या तोंडाचा, हसरा माणूस होता. नांगर विचारला, सुकाणू विचारलं, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, विचारली. अमर फाडफाड बोलत गेला. मग कॅप्टन म्हणाला, "बोलार्ड?"

अमरच्या डोक्यात काळोख. तेवढ्यात राखीनं मान लांब केली, डोळे बटाट्याएवढे केले आणि जीभ काढून नाकाकडे नेली.

"पुल्लर्ट!" अमर म्हणाला आणि त्याला फस्सकन हसू फुटलं.

"बरोबर," कॅप्टन म्हणाला. त्याचं हसू मात्र गेलं होतं. "तू कुणाकडे बघतोयस? खोलीत कोण आहे?"

बहीण आहे, एवढं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर बाहेर पाठव म्हणाला असता. पण अमरच्या नजरेपुढे ते चिखलाचे पाय आले, विटलेलं पातळ आलं, आणि या पायांची माझी बहीण आहे हे त्या गोऱ्या माणसाला सांगायची त्याला लाज वाटली.

"कुणी नाही सर," तो इंग्रजीत म्हणाला. "कामवाली आहे. झाडायला आलीय."

एवढं इंग्रजी राखीला येत होतं. तिनं एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग उठली, कोपऱ्यातली केरसुणी घेतली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि वाकून त्याच्या पाठीमागून झाडत निघाली. कॅप्टननं पडद्यावरून तिला हात जोडून नमस्कार केला. तिनं वर पाहिलं नाही. झाडत झाडत ती दाराबाहेर गेली आणि पुढचे प्रश्न निवांत पार पडले.

अमरची निवड झाली. श्यामरावांनी गावभर पेढे वाटले. गोठ्यात राखी वैरण टाकत होती, तिथं जाऊन अमर उभा राहिला.

"ताई, ते मी..."

"मंग का म्हनला असता? बहीन म्हनलं असतं तं कॉपी पकडली नसती का त्यानं? बरं केलंस."

सबब तयार होती, तीही तिनंच शोधून दिलेली. अमरनं ती मुकाट्यानं घेतली. कॉपीची भीती त्या क्षणी त्याच्या मनातही नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिनं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. स्वतःची एवढी शिसारी त्याला कधी आली नव्हती.

जहाजावर रुजू होण्याआधी पोराच्या घरच्यांना व्हिडिओ कॉलवर भेटायची त्या कंपनीत पद्धत होती. त्या सकाळी राखीनं अमरचा शर्ट इस्त्री केला, बापाची टोपी झटकली, आईला नवं लुगडं नेसवलं. स्वतः न्हाली, ठेवणीतली साडी नेसली. बापाला वाटलं, तीही बसणार. कॉल लागायच्या वेळी मात्र ती आतल्या खोलीत निघून गेली. का गेली ते अमरला कळलं. कॅप्टननं तिला पाहिलेलं होतं.

पडद्यावर तोच तांबडा चेहरा आला. त्यानं श्यामरावांना नमस्कार केला, जनाबाईला केला, पोरगा गुणी आहे म्हणाला. मग विचारलं, "घरचे सगळे आले ना?"

"का म्हंते तो?" जनाबाईनं विचारलं.

"घरचे सगळे आले का, म्हणते."

"मंग राखीले बलाव ना! वं राखी, ये वं माय, साहेब इचारते."

अमर हलला नाही. कॅप्टन वाट पाहत होता. आतून राखीचा आवाज आला, "मी नाई येत वं. माहे हात शेनानं भरले आहेत."

घटकेपूर्वी त्याच हातांनी तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली होती. साबणाचा वास येत होता त्या हातांना.

"येस सर," अमर म्हणाला. "सगळे आहेत."