बारा नंबरची खुंटी

नाकावर रुमाल धरायला माणसाला दोन बोटं पुरतात. शामकांत साहेबांना दोन्ही हात लागायचे. सेंट मारलेला रुमाल एका हातानं नाकावर, दुसऱ्या हातानं त्यावर आणखी दाब, आणि मधूनच रुमाल सरकवून खिडकीबाहेर पचकन थुंकणं. तीन आठवडे सुमो चालवता चालवता भीमराज हे बघत होता. आता नुसता त्या सेंटचा वास आला तरी त्याला मळमळायला लागायचं.

साल नव्व्याण्णव, मे महिना. पुण्याच्या एका संस्थेनं श्रीगोंदा तालुक्यातल्या वस्त्यांना बोअर घेऊन द्यायचं काम धरलं होतं. पाणी बघणाऱ्या माणसानं वस्त्यावस्त्यांतून फिरून जागा काढल्या होत्या, तिथं चुना फासलेल्या खुंट्या ठोकल्या होत्या. साहेबांचं काम एवढंच की, प्रत्येक खुंटीवर जाऊन उभं राहायचं आणि गाडीतल्या जीपीएसमध्ये ती जागा साठवायची. पुढं बोअरची गाडी त्याच मशीनच्या मागं जाणार होती. कारण बोअरची गाडी गावात शिरली की तिला वळवून नेणं ही आपल्याकडची जुनी रीत. कुणीतरी वजनदार माणूस रस्त्यात आडवा व्हायचा, चहापाणी करायचा, आणि वस्तीचं बोअर त्याच्या मळ्यात जाऊन पडायचं. म्हणून संस्थेनं नियमच करून टाकला होता, गावात कुणालाही काही विचारायचं नाही, मशीन नेईल तिथं जायचं. मशीन शंभरेक पावलं इकडंतिकडं दाखवायचं, तेवढ्या टापूत खुंटी हुडकायची. खुंटी दिसली नाही तर ती वस्ती रद्द, गाडी पुढच्या गावाला.

मशीन म्हणजे हाताच्या पंजात मावेल असं काळं डबडं. गाडीत असलं की डॅशबोर्डवरच्या पट्टीत बसायचं, काढून घेतलं तर सेलवर चालायचं. बटण दाबून धरलं की जागा साठवली जायची आणि तिला नंबर पडायचा. पुण्यात ते शिकवताना संस्थेच्या विजया मॅडमनी एक गोष्ट दोनदा सांगितली होती. तुम्ही बोट कुठं दाखवता ते या मशीनला कळत नाही, तुम्ही स्वतः जिथं असता तीच जागा ते धरतं. भीमराज दाराशी उभा राहून ऐकत होता. साहेब तेव्हा बिस्किट चहात बुडवत होते.

बारावी खुंटी काष्टीच्या पलीकडच्या एका बौद्ध वस्तीत होती. डांबरी सडकेपासून वस्ती अर्धा किलोमीटर आत, आणि मधली वाट म्हणजे अख्ख्या गावाची हागणदारी. वर गावाचं गटार आडवं वाहतंय, त्याच्या कडेला फुगलेलं मेलेलं कुत्रं. ही घाण वस्तीची नव्हती बरं का. गाव सकाळी उठून इथं यायचं, आणि वस्तीनं त्यातून वाट काढत ओढ्यापलीकडनं पाणी आणायचं. भीमराजला हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्याची सख्खी मावशी लंकाबाई त्याच वस्तीत राहत होती. लहानपणी त्यानं याच वाटेनं तिच्याबरोबर कळशी वाहिली होती.

साहेबांना त्यानं हे सांगितलं नव्हतं. तुझं गाव कुठलं म्हटल्यावर त्यानं केडगाव सांगून विषय मिटवला होता.

सडकेवरच्या लिंबाखाली गाडी थांबली. भीमराजनं मशीन काढायला हात पुढं केला, तर साहेबांनी मानेनंच नको म्हटलं. काच वर, एसी चालू, दोन्ही हात नाकावर. मग एक हात सोडला आणि बसल्या जागी बटण दाबून धरलं. बारा नंबर पडला. झालं काम.

"साहेब, खुंटी आत हाय," भीमराज म्हणाला.

साहेबांनी वस्तीच्या दिशेला बोट दाखवून, तीच की, असं म्हटलं. मग रुमालातूनच म्हणाले, "कसे राहतात रे हे लोक? जनावरं बरी."

आणि भीमराज म्हणाला, "व्हय साहेब."

शी! तोंडातून शब्द गेला आणि त्याची त्यालाच शिसारी आली. तीन आठवडे तो साहेबांच्या रुमालाची किळस करत होता. त्या एका 'व्हय'पुढं तो रुमाल काहीच नव्हता. कुत्र्याचा वास काच बंद करून बाहेर ठेवता येतो, पण हा शब्द कुठं ठेवायचा? गाडी गावात नेईपर्यंत तो शब्द त्याच्या टाळूला चिकटून बसला होता.

गावात पोलीस पाटलाकडं जेवण होतं. साहेबांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला, मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करली आणि वर ताणून दिली. घोरणं ओसरीपर्यंत यायला लागलं. भीमराजला वाढलेलं ताट तसंच होतं. आकडे अजून कागदावर गेले नव्हते, ते साहेब संध्याकाळी ऑफिसात उतरवायचे. एवढं डोक्यात आलं तसा तो उठला, मशीन पट्टीतून काढलं, शर्टाच्या आत घातलं आणि चालायला लागला.

वाट काढताना त्याला दोनदा ओकारी आली. गटारात एक पाय घोट्यापर्यंत गेला. वर ऊन असं की घाणसुद्धा शिजत होती. शिव्या देत देत तो वस्तीत पोचला. समाजमंदिराच्या मागं खुंटी असणार होती, पण दिसेना. तिथं एक फुटकं घमेलं पालथं पडलेलं. त्यानं ते उचललं आणि खाली चुन्याची खुंटी.

"ए, ठिव ते! कोन हाय रं?" लंकाबाई काठी घेऊनच आली. मग तिनं ओळखलं, काठी खाली केली. दोन महिने झाले ती खुंटी राखत होती. शेरडं उपटतील, पोरं खेळायला नेतील म्हणून तिनं खुंटीवर घमेलं घातलं होतं आणि दिवसातून चारदा येऊन बघत होती. साहेब कधी यायचा, तिनं विचारलं. येऊन गेला, असं भीमराजनं सांगितलं. म्हातारीनं सडकेकडं बघितलं, त्याच्या घाणीनं भरलेल्या पायाकडं बघितलं. मग घरातनं तांब्या आणून पाणी त्याच्या पायावर ओतायला लागली. त्यानं पाय मागं घेतला. ते पाणी कुठून येतं हे त्याला ठाऊक होतं.

त्यानं मशीनमधला साहेबांचा बारा नंबर पुसला. खुंटीच्या दोन बाजूंना पाय रोवून उभा राहिला. मशीनला आभाळातले उपग्रह सापडायला चार मिनिटं लागली, तेवढा वेळ तो हलला नाही. मग बटण दाबून धरलं. रिकामा झालेला नंबर मशीननं पुन्हा दिला, बाराच.

साहेब उठायच्या आत मशीन पट्टीत होतं. संध्याकाळी साहेबांनी आकडे उतरवले आणि 'प्रत्यक्ष खुंटीवर उभे राहून नोंद केली' या ओळीखाली झोकदार सही ठोकली.

आठ दिवसांनी बोअरची गाडी आली. पुढं सुमो, सुमोत साहेब आणि या वेळेला खुद्द विजया मॅडम. मशीन त्यांच्या हातात. लिंबाखाली गाडी आली तसे साहेब म्हणाले, थांबव, हीच जागा. मॅडमनी मशीनकडं बघून मान हलवली. मशीन अजून पुढं, डाव्या हाताला दाखवत होतं, थेट वस्तीत.

साहेबांनी रुमाल काढला. मशीन बिघडलंय म्हणाले, लिंबाची खूण आपल्याला पक्की आठवतेय म्हणाले. मॅडमनी शांतपणे विचारलं, मशीन चुकतंय हे कशावरून? तेव्हा साहेबांचा तोल गेला.

"मॅडम, माझ्यावर विश्वास ठेवा. मी त्या घाणीत गेलोच नव्हतो!"

मॅडमनी फायलीतला कागद काढला, खालची सही बघितली. साहेबांना आपण काय बोललो ते आता कळलं. रुमालाच्या वर नुसते डोळे राहिले होते, ते भीमराजकडं वळले. "अरे भीमराज, तू सांग ना. आपण कुठं होतो?"

आता खोटं बोललं असतं तर नोकरी राहिली असती. मशीन बिघडलंय एवढंच म्हणायचं होतं. भीमराजनं गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात टाकली.

"तुमी गाडीत व्हता, साहेब. खुंटीवर मी व्हतो. वस्ती माझ्या मावशीची हाय. त्या दिवशी तुमाला व्हय म्हनलो, ते खोटं व्हतं."

साडीचा काठ वर खोचून मॅडम खाली उतरल्या आणि मशीन हातात धरून त्या वाटेनं चालायला लागल्या. त्यांनाही ओकारी आली, त्या थांबल्या, पुन्हा चालल्या. बोअरची गाडी शेताच्या बांधावरून वळसा घालून मागं आली. लंकाबाईनं समाजमंदिरामागं घमेलं उचललं.

साहेब उतरले नाहीत. काचा चढवून बसले. किल्ली भीमराजच्या खिशात, त्यामुळं एसी बंद, आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. बोअर चालू झालं, माती उडायला लागली, दोन तास गेले. मॅडमच्या मागोमाग आलेला भीमराज बोअरपाशी उभा राहून अधूनमधून सडकेकडं बघत होता. लिंबाखाली सुमो उभी होती आणि आत साहेब दोन्ही हातांनी नाक दाबून घामाघूम बसले असणार. एकदा त्याला वाटलं, जावं, किल्ली द्यावी. मग मावशीनं हाक मारली, पाणी लागलं होतं, आणि तो तिकडं वळला.