हिरव्या पाटीचे मुक्काम

पाणीतपासनीसाला किळस यायला कारण लागत नसे. लोकांना भूक लागते, झोप येते, तशी त्याला किळस यायची. हॉटेलातला पेला तो आधी उजेडात धरून बघायचा, वाढणाऱ्याची नखं बघायचा, आणि व्याह्यांच्या घरी गेला तर पाण्याला हातही लावायचा नाही. एकतीस वर्षं समुद्राच्या पाण्याचे नमुने बाटल्यांत भरले आणि काचेखाली बघितले, मग दुसरं काय होणार? ऑफिसातली पोरं म्हणायची, नमुने गोळा करता करता साहेब स्वतःच एक नमुना झाले.

अशा माणसाच्या बायकोनं तो निवृत्त झाल्यावर काय मागावं, तर किनाऱ्याची सहल.

"नऊ दिवस," ती म्हणाली आणि तिनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. "गाडी भाड्यानं घ्यायची. इथून किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली जायचं. शेवटच्या गावात त्यांचं ऑफिस आहे, तिथं गाडी सोडायची आणि आगगाडीनं घरी यायचं. तोच रस्ता परत बघायचा नाही. आणि दिवसाला दोन तासांच्या वर गाडी चालवायची नाही. मी मध्येच 'थांबा' म्हटलं की थांबायचं. टपालाच्या खिडकीत आयुष्यभर घड्याळ बघत जेवले मी."

सोबत सहा वर्षांची नात येणार होती. लेक आणि जावई कामात, आणि नातीला सुट्टी. तिला समुद्रात पोहायला शिकायचं होतं. त्यासाठी नवा पोशाख आला होता आणि पोरगी तो घालूनच झोपते, असं लेकीनं सांगितलं होतं.

इथवर ठीक होतं. मग बायकोनं मुक्काम कसे निवडले ते सांगितलं, आणि तपासनीसानं चहाचा कप खाली ठेवला. तिनं कपाटातून त्याच्या खात्याची पुस्तिका काढली होती. 'स्नानास योग्य किनारे' अशी ती यादी दरवर्षी निघायची, शेवटच्या पानावर त्याची सही असायची, आणि यादीतल्या किनाऱ्यांवर हिरव्या पाट्या लागायच्या.

"लोक मोबाईलवर कुणाकुणाचं वाचून जातात," बायको म्हणाली. "आपल्या घरात जाणकार असताना मी बाहेर कशाला विचारू? यादीतले सात घेतले. डोळे मिटून."

आता या यादीचं खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. नमुना घ्यायचा तो लोक जिथं डुंबतात तिथं, असा नियम. पण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मोठ्या साहेबांनी तपासनीसाला कामाची रीत शिकवली. नमुना भर भरतीला घ्यायचा, आणि नाल्याच्या तोंडापासून लांब, पार खडकाच्या टोकाला जाऊन घ्यायचा. "समुद्र तो समुद्र, कुठूनही घे," साहेब म्हणाले होते. किनारा नापास झाला की गाववाले बोंबलतात, हॉटेलवाले बोंबलतात, मग वरचे बोंबलतात. खडकाच्या टोकाचं पाणी काही नापास होत नाही. तपासनीस एकतीस वर्षं इमानेइतबारे खडकाच्या टोकाला गेला. वाटेत नाला ओलांडताना तेवढा नाकाला रुमाल लावायचा.

हे त्यानं बायकोला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी तो तिरसट होता, कुरकुऱ्या होता, पण खोटा नव्हता. सगळ्या संसारात तेवढी एकच गोष्ट त्यानं शाबूत राखली होती, आणि ती गमवायची त्याला भीती वाटायची. पण गप्प बसावं तर नात त्या पाण्यात उतरणार.

मग त्यानं आपलं नेहमीचं हत्यार काढलं. पहिल्या गावाला वारा फार, नातीला सर्दी होईल. दुसऱ्या गावातल्या चादरींना वास येतो. तिसऱ्याला जायचा रस्ता म्हणजे हाडं खिळखिळी. चौथ्याला माशा.

"माशा कुठं नसतात?" बायको म्हणाली.

"तिथं जास्त आहेत. बसल्या की उठत नाहीत."

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," बायको म्हणाली, पण हसत होती. तिला या नाक मुरडण्याची इतकी सवय होती, की तो एखादं गाव बरं आहे म्हणाला असता तर तिनं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला असता. तिनं चारही गावांवर पेन्सिलीनं फुल्या मारल्या. "पाचव्याचं बोला आता. तिथं दोन रात्री राहायचंय. उथळ किनारा आहे, पोरीला शिकवायला चांगला."

तेवढ्यात नातीचाच फोन आला.

"आजोबा, मी आज बादलीत तोंड घालून वीसपर्यंत मोजलं. समुद्रात डोळे उघडे ठेवले तर चालतं का?"

तपासनीसानं नकाशाची घडी बोटानं सपाट केली.

"आणि पाणी तोंडात गेलं तर थुंकायचंच का? गिळलं तर चालतं?"

"आजीशी बोल," तो म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात कोंबला. एवढीशी पोर भरवशानं विचारते आणि आपण तोंड चुकवतो, याची त्याला शिसारी आली.

बायकोनं फोन ठेवला तसं त्यानं सगळं ओकून टाकलं. खडकाचं टोक, भरती, सही, सगळं.

"पाचव्या गावात हॉटेलांच्या मागून ओढा येतो ना, तो ओढा नाही," तो म्हणाला. "तिथल्या सगळ्या संडासांचं पाणी आहे ते. ओहोटीला वाळूवर करडा फेस राहतो. पोरं त्याचे गोळे करून एकमेकांना मारतात, तोंडाला फासतात. मी बघितलंय. बघत बघत पुढं गेलोय, बाटली घेऊन."

बायकोनं पुस्तिका उलटी करून शेवटचं पान बघितलं. तपासनीसानं मान खाली घातली. आता काय वाटेल ते बोलू दे, त्यानं मनाची तयारी केली होती.

"बरं झालं, वेळेवर बोललात," ती म्हणाली. "म्हणजे पोरीला पाण्यात उतरू द्यायचं नाही, एवढंच ना? वाळूत खेळेल. सहाव्या गावात पोहायचा हौद असलेलं हॉटेल आहे, तिथं शिकवू."

"अगं, पण बाकीच्यांची पोरं..."

"बाकीच्यांचं काय? तुम्ही आता सुटलात त्यातून. जुनी मढी कशाला उकरायची? तुम्ही नसती केली तर दुसऱ्या कुणी केली असती सही. आणि हे लेकीला सांगू नका. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." तिनं बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली. "चारही गावं परत घेऊ ना? चादरी आपण घरच्या नेऊ."

तपासनीसाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती चिडली नव्हती, रडली नव्हती, त्याच्याकडे वेगळ्या नजरेनंही बघत नव्हती. त्यानं बिस्किट घेतलं, चहात बुडवलं. पहिल्या गावाचा वारा तसा सोसण्यासारखा आहे, असंही म्हणाला. दुसरं बिस्किट घेताना मात्र त्याचा हात थांबला. बायको फुल्या खोडत होती, गुणगुणत होती, आणि तिच्या ओठाला बिस्किटाचा चुरा लागला होता. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. जगातल्या प्रत्येक गोष्टीची त्याला किळस आली होती, बायकोची कधी आली नव्हती. आज आली. तिनं चार शिव्या घालाव्यात म्हणून आपण इतकी वर्षं वाट बघत होतो, हे त्याला त्या घटकेला कळलं. आणि एकदा थांबलेल्या हातानं त्यानं ते दुसरं बिस्किट उचललंच, तेव्हा बायकोपेक्षा स्वतःची किळस जास्त आली.

"पाचव्या गावाला फोन तुम्हीच लावा," बायको म्हणाली. "तुम्हाला चादरींचं विचारायचं असतं."

हॉटेलची मालकीण मोकळ्या गळ्याची बाई होती. चादरी रोज बदलतो म्हणाली. बरोबर लहान मूल आहे का, तिनं विचारलं. आहे म्हटल्यावर खूश झाली.

"मग तर छानच. आमच्या दारातच हिरवी पाटी आहे, पाणी एकदम चोख. माझी मोठी दोघं सकाळपासून त्यातच पडलेली असतात. धाकटा अजून रांगतोय, त्यालाही काठावर बसवते मी. मुठीनं पाणी पितो हो, ऐकतच नाही."

बायको समोरून बोटानं खुणावत होती, समुद्राच्या बाजूची खोली मागा. तपासनीसानं घसा खाकरला.

"काय म्हणालात?" मालकिणीनं विचारलं.

"काही नाही," तपासनीस म्हणाला. "दोन रात्री. समुद्राकडची खोली असेल तर बघा."