फेट्याखालचा घाम

मी एक जुना फेटा आहे, मित्रांनो. माझा रंग विटला आहे आणि मधोमध मातीचा मोठा डाग आहे. तो धुऊन जाऊ नये, असं मला फार वाटतं.

काष्टीच्या बाजारातून मला आणलं ते गहिनीनाथच्या सत्कारासाठी. आमच्या वस्तीवरचा तो पहिला बी.ए. इतिहासात पहिला वर्ग, शिवाय वर्तमानपत्रात फोटो! मला बांधून तो उभा राहिला, तेव्हा लोक म्हणाले, "काय डोकं हाय!" मी भलताच फुगलो. पण खरं सांगू? डोक्याला इतकं चिकटून बसूनही आत काय आहे ते मला कळत नव्हतं. कळायचा तो फक्त घाम.

बहात्तर सालच्या दुष्काळात विहीर आटली. नवी खणायची ठरली. गहिनीनाथची आई छबूबाई म्हणाली, "तालुक्याच्या पानी बघनाऱ्या सायबाला बोलवा." पण वस्तीचे वडीलधारे रंगनाथतात्या ऐकेनात. "घरात बी.ए. असताना परका मानूस कशाला?"

आमच्याकडे पाणाड्या तळहातावर आडवा नारळ घेऊन रानातून चालतो. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. तात्यांनी मला गहिनीनाथच्या डोक्याला बांधलं आणि तो नारळ त्याच्या हातावर ठेवला. सगळी वस्ती मागे चालू लागली. माझ्याखाली त्याची शीर थडथड उडत होती. बोल बाबा, येत नाही म्हणून आत्ताच बोल, असं मला होऊन गेलं. तेवढ्यात त्याचा हात थरथरला आणि नारळ उभा राहिला.

"हितंच!" तात्या ओरडले.

"तात्या, हात कापतोय माझा. मला पान्यातलं काय बी कळत न्हाई."

"मोठी मानसं असंच म्हनत्यात," तात्या कौतुकानं म्हणाले आणि तिथंच नारळ फोडला.

गहिनीनाथही खणायला उतरला. माझी चुंबळ करून त्यानं डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहिल्या. हा डाग त्याच मातीचा. खाली नुसता खडक लागला. गोठ्यातली जनावरं हंबरत होती, तरी त्याला कुणी बोल लावला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"एवढा शिकलेला चुकंल कसा? पानीच खाली गेलं," म्हणत तात्या दुसरा नारळ घेऊन आले.

गहिनीनाथनं नारळ घेतला नाही. तो म्हणाला, "तात्या, मी इतिहास शिकलोय. जमिनीच्या पोटातलं मला ठावं न्हाई. परत चुकलो तर जनावरं मरत्याल."

तात्या कोरड्या खड्ड्याकडे बघत राहिले. "मंग आदी का न्हाई सांगितलंस?" ते म्हणाले, आणि हातातला नारळ खाली ठेवला. त्यानं सांगितलं होतं.

मग तालुक्याचे ते साहेब आले. त्यांनी दाखवलेल्या ओढ्याकाठी पाणी लागलं ते बेताचंच, पण जनावरं जगली.

मित्रांनो, गुणी माणसाला फेटा जरूर बांधा. मात्र तोच माणूस "मला ठाऊक नाही" म्हणाला, तर तेही खरं माना. आता मी पेटीत असतो. वस्तीवर कुणाचा सत्कार ठरला की झाकण उघडतं, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून मी हा डाग वर करतो.